छत उघडं ठेवा, रबर जाड ठेवा

रविवारी संध्याकाळी नशिराबादच्या टोलनाक्याजवळ पाच मिनिटं उभे राहा. एखादी तरी थार दिसेलच. कापडी छत मागे गुंडाळलेलं, आत चार पोरं, मोठ्या आवाजात गाणी. मुंबई-पुण्यात ‘कन्व्हर्टिबल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळ्याच गाड्या येतात. आपल्या खान्देशात ओपन गाडी म्हणजे थार, आणि कॉलेजच्या पोराला परवडणारी थार म्हणजे सेकंडहँड. सध्याचं मॉडेल २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलं. पहिल्या मालकांची हौस आता भागली आहे आणि त्यांच्या गाड्या विकायला येताहेत. तुमच्यापैकी कुणीतरी घरी विषय काढलाच असेल.

माझ्या आतेभावाने काढला होता आणि गाडी घेतलीसुद्धा. आधीच्या मालकाने वीस इंची मॅगव्हील बसवलेली. दिसायला एकदम भारी! तिसऱ्या महिन्यात, रात्रीच्या पावसात, पाण्याने भरलेला एक खड्डा त्याला दिसला नाही. ठाप्पकन आवाज आला आणि घरी येईपर्यंत हवा गेली. चाक खोललं तर आतल्या कडेला बोटभर तडा. ‘काय भो, फोर बाय फोर गाडी आन् चाक असं?’ असं तो पंक्चरवाल्याला म्हणाला. पंक्चरवाल्याने मान वर न करताच सांगितलं, ‘चाकाचं काही नाही भाऊ, रबर कमी पडलं.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी गणित मांडलं. तुम्हीही मांडा. टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची बाजूची भिंत आहे ते. तिसरा म्हणजे रिमचा व्यास, इंचात. थारच्या खालच्या व्हेरिएंटला हेच १६ इंची माप येत होतं, लोखंडी डिस्कसह. म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये जवळपास १८४ मिलिमीटर रबर. वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८, मॅगव्हीलसह. इथे रबर १६६ मिलिमीटर. आतेभावाच्या गाडीला २६५/५० आर २०. रबर उरलं १३२! चाकाची बाहेरची उंची तिन्हींमध्ये जवळपास सारखीच आहे, फरक दीडेक सेंटिमीटरचा. म्हणजे गाडी उंच झाली नाही, दणका सोसणारी गादी तेवढी पाच सेंटिमीटरने पातळ झाली. एवढ्यासाठी पैसे मोजले होते.

आता लोखंड की अलॉय? अलॉयची बाजू आधी ऐका. ते सहसा हलकं असतं आणि दिसतं तर छानच. कंपनीचं १८ इंची अलॉय चांगल्या रस्त्यावर काही वाईट नाही. पण मोठा दणका बसला की लोखंड वाकतं आणि ओतीव अलॉय तडकू शकतं. वाकलेली डिस्क बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते, हे काम गावातही होतं. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, विशेषतः जुनी मॅगव्हील विकणारे. कडेला किंवा दांड्याला तडा असेल तर तसं चाक घेऊ नका. महामार्गावर ऐंशीच्या वेगात ते वेल्डिंग तपासायची तुमची तयारी आहे का?

बाइकवाल्यांनो, तुमचंही हेच आहे. स्पोकचं चाक दणका खाऊन वाकडं होतं, मग तारा ओढून सरळ करता येतं, पण बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, पंक्चर झालं की जागीच बसावं लागतं. अलॉयला ट्यूबलेस चालतं. इथे कुणा एकाला पूर्ण मार्क देता येत नाहीत.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर छत उघडून सेल्फी काढण्याआधी चारही चाकं खोलायला लावा. मालकाने तोंड वाकडं केलं तरी चालेल. तडा बाहेरून दिसत नाही, तो आतल्या कडेला असतो. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर हवा गळतेय. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवलं की रिम डुलते की नाही ते दोन मिनिटांत कळतं. टायरच्या बाजूला फुगा असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर संपला. आणि चार आकडे शोधा. ३५२१ असेल तर टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलाय. स्टेपनीवरचे आकडेही बघा, चाकं कधी बदलली ते मालकापेक्षा ती खरं सांगते. १६ इंची सेट घ्यायचा ठरला तर एक चाक बसवून हाताने फिरवून पाहा, ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये. कंपनीने दिलेल्या मापाच्या बाहेर मात्र जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीही तेच माप काढून बसते.

विम्यावरून आठवलं. आतेभावाला वाटत होतं, फुल इन्शुरन्स आहे, चाकाचे पैसे मिळतील. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायरचं नुकसान धरत नाहीत. सोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरची निम्मी किंमत. त्यासाठी वेगळं टायर संरक्षण घ्यावं लागतं, हप्ता वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढाच दिलासा.

मग खड्ड्याचं बिल कुणाचं? आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खालचा भराव नीट नसेल तर वरचं डांबर तडकतं, तड्यात पाणी जातं आणि त्यावरून अवजड ट्रक गेले की खड्डा तयार. नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे, सुरत-नागपूर महामार्ग दारातून जातो, त्यामुळे ट्रकला तोटा नाही. हे सगळं रस्ता बांधणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. तरी दणका बसतो तो आपल्या चाकाला. चाकापुरताच बसला तर नशीब. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार खड्ड्यांमुळे २०२२ मध्ये देशात १,८५६ आणि २०२३ मध्ये २,१६१ माणसं गेली.

न्यायालयं आता हा प्रश्न विचारायला लागली आहेत, म्हणून हा विषय आज. केरळमध्ये त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्यावरची टोलवसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली, कारण रस्त्याची दुर्दशा. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही हरलं. रस्ता सुधारल्यावर ऑक्टोबरात वसुली पुन्हा सुरू झाली, पण मधले दोन महिने टोल बंद होता. मग १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तक्रार आल्यावर खड्डा ४८ तासांत बुजवायचा, असंही म्हटलं. नशिराबादलाही आता नगरपरिषद आहे, म्हणजे ‘कुणाला विचारायचं’ हा बहाणा आपल्याकडेही राहिलेला नाही.

फक्त या आदेशात एक गोष्ट नाही. माणूस मेला किंवा जखमी झाला तर भरपाई आहे. तडकलेल्या चाकाला, वाकलेल्या रिमला कुणी वाली नाही. विद्यापीठात रोज बांभोरीपर्यंत जाणाऱ्या पोराचं वर्षाचं टायर-ट्यूबचं बिल कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही. रोड टॅक्स गाडी घेतानाच भरलेला, टोल फास्टॅगमधून कापलेला, आणि वर हे. मला तरी हा तिसरा करच वाटतो, फक्त त्याची पावती पंक्चरवाला देतो. तीही मागितली तर.

म्हणून मागा. खड्ड्याचा फोटो, जागा, तारीख आणि बिल एकत्र ठेवा. महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करून तक्रार क्रमांक लिहून घ्या, गावात नगरपरिषदेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ४८ तास मोजायचे तर ते कधी सुरू झाले याचा पुरावा लागेल, आणि तो आपल्याकडेच असायला हवा.

आतेभावाने शेवटी १६ इंची लोखंडी डिस्कचा जुना सेट घेतला. काळा रंग मारलाय, वाईट दिसत नाही. वीस इंचीची उरलेली तीन मॅगव्हील घरी ओट्यावर पडली आहेत. तीनच आहेत म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही.