शिक्कामोर्तब झाले, पण सावधानतेचे काय?

कार्यालयातील संगणकाविषयी आता आपण बऱ्यापैकी जागरूक झालो आहोत. त्याला परवलीचा शब्द असतो, विषाणूंना अटकाव करणारी आज्ञावली असते, त्याची देखभाल करणारा माणूसही नेमलेला असतो. त्याच टेबलावर हाताशी असलेल्या दूरध्वनीकडे मात्र आपण अजूनही जुन्याच नजरेने पाहतो. तांब्याच्या दोन तारांनी केंद्राशी जोडलेले, बोलणे वाहून नेण्यापलीकडे काहीही न करणारे ते एक निरुपद्रवी यंत्र आहे, अशी आपली समजूत असते. बँका, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांच्या टेबलांवर आज नेटवर्कवर चालणारे दूरध्वनी आहेत. त्यांच्या बाबतीत ही समजूत खोटी ठरते. हा दूरध्वनी म्हणजे स्वतःचा प्रोसेसर, स्मृती आणि कार्यप्रणाली असलेला पूर्ण संगणक आहे. शिवाय त्याला ध्वनिग्राहक आहे, आणि तो अध्यक्षांच्या दालनात अहोरात्र चालू अवस्थेत असतो.

हा दूरध्वनी जागा कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुधा नेटवर्कच्या केबलमधूनच त्याला वीज मिळते. वीज येताच कायमस्वरूपी स्मृतीतील एक छोटी आज्ञावली चालू होते आणि ती मुख्य सॉफ्टवेअरला जागे करते. त्यानंतर दूरध्वनी नेटवर्कवर हाक देतो, ‘मी आलो आहे, मला पत्ता द्या.’ उत्तरादाखल त्याला स्वतःचा पत्ता मिळतो आणि पुढील सूचना कोणत्या सर्व्हरकडून घ्यायच्या तेही कळते. त्या सर्व्हरवरून तो आपल्या नावची फाइल उतरवून घेतो. आपला क्रमांक कोणता, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती हवी, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. आपल्याजवळची आवृत्ती वेगळी असेल, तर नवी मागवून घेतो, स्मृतीत लिहितो आणि पुन्हा एकदा जागा होतो.

या साऱ्या व्यवहारात एक नाजूक जागा आहे. नवजात बालकाप्रमाणे हा दूरध्वनी उत्तर देणाऱ्यावर विश्वास टाकतो. फाइल आणण्यासाठी अनेक वर्षे वापरात असलेली ‘टीएफटीपी’ ही पद्धत मुळात १९८०-८१ च्या सुमारास मांडली गेली. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तपासण्याची सोयच तीत नाही. त्यामुळे उत्तर देणारा तोतया निघाला तर काय, हा प्रश्न उभा राहतो.

याचे उत्तर म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. मराठेशाहीतील पत्रांच्या मस्तकी शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब होई. मोर्तबाखाली कोणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती तत्काळ उघडी पडे. डिजिटल स्वाक्षरीचे तत्त्वही तेच आहे. निर्माता आपल्या गुप्त किल्लीने सॉफ्टवेअरवर स्वाक्षरी करतो आणि दूरध्वनीत आधीच ठेवलेल्या सार्वजनिक किल्लीने ती पडताळली जाते. मधल्या मार्गात एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणी फसते आणि दूरध्वनी ते सॉफ्टवेअर नाकारतो. चांगल्या दूरध्वनीत ही पडताळणी प्रत्येक वेळी जागे होतानाही केली जाते.

इथपर्यंत सारे समाधानकारक आहे. परंतु स्वाक्षरी ‘वस्तू कोणाची’ एवढेच सांगते; ‘वस्तू निर्दोष आहे’ याची हमी ती देत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे काय होते, याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

२०१२ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधक आंग कुई यांनी सिस्को कंपनीच्या दूरध्वनीतील दोष जाहीरपणे दाखवून दिला. रिसीव्हर जागेवर असतानाही त्या दूरध्वनीतून खोलीतील संभाषण ऐकता येत होते. २०१९ साली मॅकॅफीच्या संशोधकांना अवाया कंपनीच्या ९६०० मालिकेतील दूरध्वनींच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, नेमक्या पत्ता मागण्याच्या पायरीवर, गंभीर दोष आढळला. तो दोष नवा नव्हता. मूळ आज्ञावलीत तो २००९ सालीच उघड होऊन दुरुस्तही झाला होता. दूरध्वनीत मात्र जुनीच प्रत दहा वर्षे नांदत राहिली. दोन्ही कंपन्यांनी पुढे दुरुस्त सॉफ्टवेअर दिले. मार्च २०२३ मध्ये तर थ्री-सीएक्स कंपनीच्या, संगणकावरून दूरध्वनी करण्याच्या ॲपमध्ये घातक भाग शिरला आणि त्यावर कंपनीची अस्सल स्वाक्षरी होती. घुसखोरी निर्मात्याच्या घरातच झाली होती. मोर्तब खरे होते, मजकूर मात्र दूषित होता.

‘हे मोठ्या कंपन्यांचे प्रश्न, आमच्या छोट्या संस्थेला त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. पण संस्था छोटी असली तरी तिच्याकडील ठेवीदारांची वा रुग्णांची माहिती छोटी नसते. निर्मात्याने दुरुस्ती देऊनही ती आपल्या दूरध्वनीपर्यंत पोहोचली नाही, तर दोष कोणाचा? बहुतेक ठिकाणी दूरध्वनी बसवणारा ठेकेदार निघून जातो आणि पुढे त्या यंत्राला वाली उरत नाही.

म्हणून प्रथम दूरध्वनींची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी सोपवावी. खरेदी करताना किमतीबरोबरच सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हेही विचारावे आणि लेखी घ्यावे. स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर दूरध्वनी नाकारतो का आणि सदोष ठरलेली जुनी आवृत्ती पुन्हा लादण्याचा प्रयत्न तो रोखतो का, हेही पाहावे. कारण जुन्या आवृत्तीवरची स्वाक्षरीही अस्सलच असते. मूळचा परवलीचा शब्द बदलावा. दूरध्वनींचे नेटवर्क संगणकांपासून वेगळे ठेवावे. स्वागतकक्षातील दूरध्वनीमागची रिकामी जोडणी बंद करावी. ज्यांच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत, असे दूरध्वनी ‘चालतात ना’ म्हणून टेबलावर ठेवू नयेत.

यांतील बहुतेक गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही; लागते ती नियमितता. दररात्री दाराची कडी लावली की नाही, हे पाहणारी वडीलधारी माणसे आपल्या प्रत्येक घरात होती. कुलूप उत्तम आहे म्हणून त्यांनी ती फेरी कधी चुकवली नाही. आपल्या संस्थांच्या टेबलांवरील या बोलक्या संगणकांसाठी तशी फेरी घालणारा कोणी आहे का, हे प्रत्येक कार्यकारिणीने आपल्या पुढच्याच बैठकीत विचारावे.