खोलीची किल्ली कोणाच्या हाती?

मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार बोटींवरचे कितीतरी खलाशी हंगामभर बोटीवरच राहतात. तिथेच शिजवतात, तिथेच झोपतात. काही तर थेट नेपाळहून आलेले. काम सुटले की डोक्यावरचे छप्परही सुटते. आम्हा रत्नागिरीकरांना हे नवे नाही. आमचे आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत गेले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता.

गिरणीमालकांनी चाळी बांधल्या, पण मोजक्या. बाकीचे कामगार खासगी चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने, गाववाल्यांच्या आधाराने राहिले. शेवटी सरकारला पुढे यावे लागले. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची! त्यासाठी कापसाच्या गासडीवर कर बसवला होता. आपल्या माणसांच्या वाट्याला तर पगारही कमीच. विणाई खात्यात पैसा अधिक, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव.

कारखान्याबरोबर गाव वसवणारेही होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली. त्या धडाडीचे आम्हाला कौतुकच आहे. तरी कोणत्याही कंपनीच्या वसाहतीत एक मेख असतेच. घर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. ज्याच्या हातात पगार त्याच्याच हातात किल्ली, मग संपाच्या दिवशी बाईने चूल कुठे मांडायची?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसाखाणी स्वतः पाहिल्या. पुढे १९४४ च्या वटहुकुमाने खाणकामगारांसाठी कल्याण निधी आला. बाहेर जाणाऱ्या कोळशावर कर आणि त्यातून कामगारांच्या सोयी. १९४७ च्या कायद्यात घरांसाठी वेगळे खाते झाले. मालकाच्या मर्जीची गोष्ट कायद्यात आली, हा फरक लहान नव्हे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. म्हाडाने २०१२ पासून सोडती काढल्या, पण मिळालेली घरे त्या मानाने फार थोडी. अर्जदारांत कोकणातल्या कितीतरी विधवा आहेत. भगिनींनो, ट्रंकेच्या तळाशी सासऱ्यांचे गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद पडला असेल तर तो रद्दीत घालू नका.