स्मृतीचा ताळा

गुणाकार मांडून झाला की नऊचा ताळा पाहावा आणि मगच वही मिटावी, ही जुन्या पेढ्यांवरची शिस्त. आज रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली आहे. यंत्र चुकत नाही या समजुतीने ताळा मात्र मागे राहिला. पेढीचे हिशेब आणि घरची कागदपत्रे ठेवण्यासाठी घरीच सर्व्हर उभारण्याचा विचार असेल, तर त्या यंत्रालाही ताळा हवा.

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्सलगतच्या शारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते यंत्राने दाखवली. फेरमोजणीत नेमकी ४०९६ मते जास्त निघाली. दोनाला दोनाने गुणत बाराव्या घाताला पोहोचले की हाच आकडा येतो. म्हणजे स्मृतीतील एकच बिट शून्याचे एक झाले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. तेथे आकडा अशक्य होता, म्हणून चूक उघडी पडली. एखाद्या खात्यावर ४०९६ रुपये अधिक दिसले, तर संशय कोणाला येणार?

रॅममधील प्रत्येक बिट हा अतिसूक्ष्म विद्युतभार असतो. अंतराळातून येणारे किरण किंवा खुद्द चिपमधील दोष तो पालटू शकतात. साधी रॅम ही चूक मुकाट्याने पुढे सरकवते. ती डिस्कवर लिहिली जाते आणि तेथून बॅकअपच्या प्रतींतही उतरते. यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील गणिती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या संकेतपद्धतीतून वाढला. ईसीसी रॅममध्ये माहितीच्या ६४ बिटांमागे बहुधा ८ बिटे ताळ्याची असतात. एक बिट चुकले तर ते जागीच दुरुस्त होते; दोन चुकली तर निदान चूक झाल्याचे कळते.

यासाठी महागडा सर्व्हर घ्यावाच लागतो असे नाही. एएमडीच्या अनेक रायझेन प्रोसेसरांवर ईसीसी चालते. मात्र मदरबोर्डच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असावे. रायझेन ५००० मालिकेतील ‘जी’ अक्षराचे साधे प्रोसेसर टाळावेत. त्यांत ही सोय ‘प्रो’ प्रकारालाच आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीतील कोअर प्रोसेसरांसाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड पाहावा.

रॅम घेताना ‘अनबफर्ड ईसीसी’ असेच मागावे. जुन्या सर्व्हरांतून निघालेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्त मिळते, पण ती या बोर्डांवर चालत नाही. डीडीआर५ च्या वेष्टनावरील ‘ऑन-डाय ईसीसी’ या शब्दांनीही फसू नये. ती चिपच्या आतली दुरुस्ती आहे; चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही.

जुळणी झाल्यावर यंत्र सुरू झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. काही बोर्डांवर ईसीसी रॅम साध्या रॅमसारखी चालते आणि ताळा बंदच राहतो. लिनक्समध्ये ‘ईडॅक’ ही व्यवस्था ताळा चालू आहे का ते सांगते आणि दुरुस्त झालेल्या चुका मोजते. ती नोंद पाहिल्याविना हिशेब त्या यंत्रावर नेऊ नयेत.

या रक्षणाची मर्यादाही ध्यानात असावी. मुनीमजींनी चुकीची रक्कम भरली, तर रॅम तीच इमानाने जपेल. डिस्क बिघडेल, वीज जाईल, आग लागेल. यांवर ईसीसीचा इलाज नाही. त्यासाठी दोन डिस्कांवर जुळी प्रत, यूपीएस आणि दुसऱ्या जागी ठेवलेला बॅकअप हवाच.

आणि महिन्याचा मेळ घालताना ‘ईडॅक’ची नोंदही उघडावी. एखादी चूक क्वचित दिसली तर चिंता नसावी. पण एकाच पट्टीवर आकडा वाढत असेल, तर ती पट्टी वेळीच बदलावी. चूक सांगणारे यंत्र हाताशी असून कोणी ऐकणारेच नसेल, तर वेगळी रॅम घेऊन काय साधले?