दोनशेची तूट, दोन हजारांचा दंड

न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेल्या सावकारालाही नोकरदाराचा सगळा पगार उचलून नेता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पोटगीच्या हुकूमनाम्याचा तेवढा अपवाद. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मालकाने पगारातून करावयाच्या कपातीला सामान्यतः ५० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि त्याची जागा घेण्यासाठी केलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती मर्यादा आहे. या तरतुदींमागील विचार साधा आहे. कर्ज फेडावयाचे तर कर्जदार जगला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याइतपत धड राहिला पाहिजे.

तोच पगार बँकेच्या खात्यात जमा झाला, की व्यवहारात हे संरक्षण संपते. बँकेचे जे काही आकार थकलेले असतील, ते पगाराची रक्कम खात्यावर उमटताच पहिल्या झपाट्यात वळते होतात. त्यासाठी हुकूमनामा लागत नाही, नोटीस लागत नाही, खातेदाराच्या घरी किती माणसे जेवावयाची आहेत याची चौकशी लागत नाही. जे अधिकार कायद्याने न्यायाधीशाला दिले नाहीत, ते संगणकाकडे आपोआप गेले आहेत. अल्प उत्पन्नाच्या खातेदाराच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

हा प्रश्न कसा उभा राहतो, हे एका काल्पनिक हिशेबावरून पाहता येईल. समजा, एका खासगी संस्थेतील लिपिकाला दरमहा १४,००० रुपये मिळतात. दुचाकीचा हप्ता २,१०० रुपये असून तो ५ तारखेला खात्यातून परस्पर वसूल व्हावयाचा आहे. पगार यावेळी ८ तारखेला झाला. ५ तारखेला खात्यात १,९०० रुपये होते. तूट अवघी २०० रुपयांची. हप्ता परत गेला. बँकेने त्याबद्दल ५०० रुपये आकारले, कर्ज देणाऱ्या संस्थेनेही ५०० रुपये दंड लावला. ७ तारखेला संस्थेने तोच हप्ता पुन्हा मागितला, तो पुन्हा परत गेला आणि दोन्हीकडचे आकार पुन्हा पडले. २०० रुपयांच्या तीन दिवसांच्या तुटीपायी २,००० रुपये गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणावे, तर येथे मसाला चाळीस आण्यांचा झाला. शिवाय पुढच्या महिन्याचा आरंभ २,००० रुपयांच्या खड्ड्यातून होणार, म्हणजे तेव्हाही हप्ता परत जाण्याचा संभव वाढणार. असे दोन-तीन महिने गेले, की आकारांची बेरीज शिल्लकेपेक्षा मोठी होते आणि न मागितलेला, न मंजूर झालेला ओव्हरड्राफ्ट खातेदाराच्या नावावर उभा राहतो.

ओव्हरड्राफ्टचा जन्म सवलत म्हणून झाला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १७२८ साली एडिंबरोच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला खात्यातील शिलकेपेक्षा १,००० पौंडांपर्यंत अधिक रक्कम उचलण्याची मुभा दिली. व्यापाऱ्याचे येणे आज ना उद्या येईल, तोवर त्याची अडचण होऊ नये, हा हेतू होता. आजच्या लिपिकाचेही येणे तीन दिवसांवर असते. व्यापाऱ्याची अडचण ही पत समजली गेली. पगारदाराची तशीच अडचण मात्र कसूर ठरते.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा उपदेश अशा वेळी हटकून केला जातो. तो खोटा नाही, पण येथे अपुरा आहे. दिवाळखोरी आणि रोख रकमेची तात्पुरती चणचण यांत अर्थशास्त्र भेद करते. वरील लिपिकाचे उत्पन्न हप्त्याहून कमी नाही. फक्त पैसे येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस यांचा मेळ बसलेला नाही. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, तासिका तत्त्वावरील अध्यापक, कंत्राटी कर्मचारी यांच्या पगाराची तारीख त्यांच्या हातात नसते. हप्त्याची तारीख मात्र अढळ असते. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्तेवसुलीची राष्ट्रीय यंत्रणा रविवारी व सुटीच्या दिवशीही चालते. पगार काढणारे कार्यालय त्या दिवशी बंद असते.

ठरावीक रकमेचा दंड वरकरणी सर्वांना समान दिसतो, वस्तुतः तो गरिबावरच अधिक पडतो. पन्नास हजारांच्या हप्त्याला ५०० रुपये म्हणजे एक टक्का. दोन हजारांच्या हप्त्याला तेच ५०० म्हणजे पंचवीस टक्के. ज्याच्या खात्यात नेहमी लाखभर रुपये पडून असतात, त्याच्यावर हा प्रसंगच येत नाही. तात्पर्य, ज्यांच्याजवळ पैसे नाहीत त्यांच्याकडूनच पैसे नसल्याबद्दल पैसे घेतले जातात.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने तिने असे बजावले, की किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे बचत खाते शून्याखाली जाता कामा नये आणि हा दंड तुटीच्या प्रमाणात असावा. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू झाला. तरीही २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी किमान शिलकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केल्याचे सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितले. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये आणि इतर काही सरकारी बँकांनी २०२५ मध्ये हा दंड रद्द केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु शून्याखाली न जाण्याचे संरक्षण या एकाच दंडापुरते आहे. हप्ता परत गेल्याचा आकार, शिल्लक अपुरी असताना एटीएम यंत्रासमोर उभे राहिल्याचा आकार, कार्डाचे वार्षिक शुल्क ही सारी मंडळी त्या नियमाच्या बाहेर राहिली आहेत. पुढचे दार बंद केले आणि मागची तीन उघडी ठेवली, असा हा प्रकार आहे.

ब्रिटनचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे विनामंजुरी ओव्हरड्राफ्टच्या आकारांविरुद्धचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल बँकांच्या बाजूने लागला. पुढे तेथील वित्तीय आचरण प्राधिकरणाने हिशेब तपासले, तेव्हा २०१६ साली या आकारांतील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ १.५ टक्के खातेदारांकडून आली होती, असे आढळले. उरलेल्यांची ‘मोफत’ बँकसेवा कोणाच्या जिवावर चालते, याचा तो उलगडा होता. एप्रिल २०२० पासून ठरावीक दंड बंद झाले. मंजूर आणि विनामंजुरी ओव्हरड्राफ्टच्या दरांत फरक करण्यास मनाई झाली. १०० पौंडांच्या विनामंजुरी उचलीला दिवसाला ५ पौंड पडत, तेथे २० पेन्सांहून कमी पडतील, असा प्राधिकरणाचा अंदाज होता. बँकांनीही मग सर्वांसाठीच व्याजाचा दर ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. नियम केला की काम संपले, असे नसते, हाही धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खतामागचा मूळ हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार दिला. त्याही आधीपासून दामदुपटीचा नियम रूढ होता आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. त्या मापाने वरील लिपिकाच्या २०० रुपयांच्या तुटीवर २०० रुपयांहून अधिक भार पडता ना. गावच्या सावकाराला जी मर्यादा होती, ती परवानाधारक बँकेला नसावी, हे विपरीत आहे.

कायदा बदलेपर्यंत खातेदाराने हातावर हात ठेवून बसावे, असे नाही. प्रथम खात्याचा उतारा घेऊन मूळ देणे आणि त्यावर चढलेले आकार वेगळे मांडावेत. मग शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन आकार माफ करण्याची व उरलेले देणे हप्त्याने घेण्याची विनंती करावी. तोंडी बोलणे नोंदीत राहत नाही. अर्जाची पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी ठेवण्याबद्दल कर्ज देणाऱ्या संस्थेला लिहावे. किमान शिलकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते २०१२ पासून उपलब्ध आहे आणि जुने खाते तसे बदलून मागता येते. पात्र जनधन खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंतचा मंजूर ओव्हरड्राफ्टही मिळू शकतो. पगार दुसऱ्या बँकेत वळविणे हा शेवटचा उपाय. तो करताना हप्ता कसा भरणार हे संस्थेला आधी कळवावे, कारण खाते बदलले म्हणून देणे बुडत नाही. अपुऱ्या शिलकेमुळे हप्ता परत गेल्यास २००७ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाखाली शिक्षेची तरतूद आहे. मात्र नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली, तर गुन्हा ठरत नाही. ही नोटीस न उघडता बाजूला टाकणे सर्वांत महाग पडते. आणि भोक बुजविण्यासाठी मोबाइलवरील झटपट कर्ज घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

परंतु अर्ज-विनंत्यांनी एखाद्याचा प्रश्न सुटेल, सर्वांचा नाही. रिझर्व्ह बँकेने चार गोष्टी कराव्यात. कोणत्याही आकारामुळे बचत खाते शून्याखाली जाऊ नये आणि तो आकार पुढच्या पगारावर बोजा म्हणून चढू नये. परतीचा आकार तुटीच्या रकमेहून अधिक नसावा. एका हप्त्यासाठी महिन्यात एकदाच आकार घ्यावा, मग तो कितीही वेळा मागितला जावो. आणि पगाराचा जो भाग दिवाणी न्यायालयापासून सुरक्षित आहे, तो बँकेच्या परस्पर वसुलीपासूनही सुरक्षित असावा. यामुळे शिस्त बिघडेल, अशी भीती घातली जाईल. जाणूनबुजून चुकविणाऱ्यासाठी कलम २५ आहे, न्यायालये आहेत. पगार तीन दिवस उशिरा झाला, ही बेशिस्त खातेदाराची नव्हे. तिचा दंड त्याच्या मुलांच्या दुधातून वसूल करण्याचे कारण नाही.