दोन फ्लॉप्या आणि राहून गेलेली माफी

संगणक कक्षात खेळ चालू द्यावेत की नाहीत, हा प्रश्न पालक सभेत पुन्हा निघाला. उत्तर देण्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

१९९६ साली मी नुकतीच शिक्षिका झाले होते. ती शाळा दुसरी. संगणक तेव्हा नवे होते आणि मला त्यांची भीती वाटे. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या की छातीत धडधडे. एके दिवशी आठवीतल्या एका मुलाकडे दोन फ्लॉप्या सापडल्या. त्यांत ‘डूम’ नावाचा खेळ होता. मी भर वर्गात म्हटले, “चोरीचा माल शाळेत आणतोस?” तो हळूच म्हणाला, “बाई, चोरीचा नाही. वाटायची परवानगी आहे. आत लिहिलंय, वाचा ना.”

मी वाचले नाही. मला ते इंग्रजी धड वाचता येणार नाही हे वर्गाला कळेल, याची लाज वाटली. फ्लॉप्या जप्त केल्या, वडिलांना बोलावणे धाडले. त्यानंतर त्या मुलाने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याने तोच खेळ लॅपटॉपवर लावून दिला. मी दुसऱ्याच टप्प्यात मेले, डोकेही गरगरले. पण कुतूहल जागे झाले म्हणून माहिती वाचली. ‘डूम’ डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ‘इड सॉफ्टवेअर’ने काढला. त्याचा पहिला भाग फुकट होता आणि तो इतरांना द्यायला निर्मात्यांचीच मोकळीक होती. पुढचे दोन भाग विकत घ्यायचे. म्हणजे मुलगा खरे बोलत होता. चूक माझी होती.

गोष्ट विज्ञानकथेची आहे. मंगळाच्या फोबोस आणि डिमोस या चंद्रांवर प्रयोग चालू असताना नरकाचे दार उघडते आणि एकटा सैनिक राक्षसांशी लढतो. नरक काल्पनिक, पण फोबोस खरा. तो १८७७ साली असाफ हॉल यांनी शोधला आणि जुलै २०२० मध्ये आपल्या मंगळयानाने त्याचे छायाचित्र घेतले.

मला खरे नवल वाटले ते खेळाच्या रचनेचे. त्या काळच्या ३८६ संगणकावर, अवघ्या चार एमबी मेमरीत तो चाले. कसा? जागा खोल दिसते, पण मुळात तो कागदावरचा सपाट नकाशा असतो. प्रत्येक खोलीला जमिनीची आणि छताची उंची आकड्यात दिलेली. म्हणून त्यात एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. हा नकाशा आधीच तुकड्यांत विभागून ठेवलेला असतो. त्यामुळे कोणती भिंत जवळ, कोणती मागे, हे यंत्राला चटकन कळते आणि झाकलेली भिंत काढण्याचे श्रम वाचतात. ही युक्ती जॉन कारमॅक यांनी संशोधकांच्या जुन्या निबंधांतून उचलली. आपली मुले “भूमितीचा उपयोग काय?” असे विचारतात, त्यांना हे उत्तर देता येईल.

दुसरी बाजूही सांगते. हा खेळ रक्तपाताचा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा या खेळावर फार टीका झाली. तिथे त्यावर ‘१७ वर्षांपुढील’ असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. असे खेळ शाळेत चालणार नाहीत. घरीही किती वेळ आणि कोणता खेळ, हे आईवडिलांनीच ठरवावे. अभ्यास बुडतो ही पालकांची तक्रार खोटी नाही.

पण जप्त करण्याआधी विचारायला काय हरकत आहे? विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे : पंधरवड्यातून एक तास द्या. त्यात आठवी-नववीच्या मुलांनी एखादा खेळ कसा चालतो हे फळ्यावर समजावून सांगावे आणि आलेखाच्या कागदावर आपल्या शाळेचा नकाशा काढून त्यात स्वतःचा खेळ रचावा. खर्च काही नाही. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. तिथवर जाणारी वाट अशा एखाद्या कागदावरूनही निघू शकते.

शिक्षकांनाही एक सांगणे. “मला हे येत नाही, तू सांग,” असे मुलाला म्हणण्यात कमीपणा नाही. मला ते वाक्य म्हणायला फार वर्षे लागली.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हा अंक त्याच्या हाती पडलाच तर, बाळा, तू खरे बोलला होतास. बाईंचे चुकले. माफ कर.

आपली,
मुख्याध्यापिका