सालममिश्रीची खरी ओळख

बाळंतिणीच्या लाडवांत किंवा हिंवाळ्यांतील पौष्टिक पाकांत घालावयाची सालममिश्री आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आलेली असेल. परंतु काष्ठौषधींच्या दुकानीं मिळणारा हा पिवळट, खड्यासारखा कठीण कंद कोणत्या झाडाचा, असें विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाहीं. त्यांत एकट्या दुकानदाराचा दोष नाहीं. कारण हें नांव एका वनस्पतीचें नव्हेच. इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तान येथील रानांत उगवणाऱ्या अनेक जातींच्या ऑर्किडांचे कंद या एकाच नांवानें खपतात. हिमालयांतील सालमपंजाहि त्यांचाच भाऊबंद.

तुर्कस्तानांत या कंदांच्या पिठास सालेप म्हणतात. तें दुधांत शिजवून पितात, आणि मराश येथील प्रसिद्ध आइस्क्रीमचा चिवटपणाहि त्याचाच. वाळलेले एक किलो कंद भरण्यास एक हजारापासून चार हजारांपर्यंत रोपें खणावीं लागतात. अशा रोपास जमिनीखालीं दोन कंद असतात. एक यंदाचा, सुरकुतत चाललेला, आणि दुसरा पुढील वर्षासाठीं भरत आलेला. खणणारा नेमका दुसरा घेतो. बियांवर भरंवसा ठेवावा, तर ऑर्किडचें धुळीएवढें बीं विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावांचून रानांत रुजत नाहीं, आणि रुजल्यावरहि फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात.

ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर, १९७५ पासून अंमलांत असलेल्या ‘सायटीस’ कराराचें नियंत्रण आहे. पण सरहद्दीवरील अधिकाऱ्यापुढें येतो तो पानें-फुलें गेलेला, उकडून वाळविलेला कंद. त्याची जात नुसत्या डोळ्यांनीं कशी ओळखावी? येथें डी.एन.ए.ची परीक्षा उपयोगी पडते. प्रत्येक पेशींत असलेलें हें आनुवंशिक द्रव्य म्हणजे जणूं चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. त्यांतील कांहीं भागांचा अक्षरक्रम जातीगणिक बदलतो. कंदाच्या कणांतून तो भाग वाचावयाचा व ओळखीच्या रोपांच्या नोंदींशीं ताडून पाहावयाचा, अशी ही रीत आहे.

अब्दोलबासेत घोरबानी व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, इराणांतील १२ शहरांत विकत घेतलेले १५० कंद या रीतीनें तपासले. सर्वांत उपयोगी ठरलेल्या भागावरून ६७ टक्के कंदांची जात निःसंशय ठरली. त्या प्रदेशांतील कंद धरणाऱ्या सर्वच ऑर्किडांस या व्यापारापासून धोका आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सर्वच कंदांची जात ठरत नाहीं, याचें कारण उघड आहे. जवळच्या नात्यांतील जातींचीं अक्षरें कधीं कधीं सारखींच असतात. आणि ज्या रोपाची नोंदच नाहीं, त्याचा कंद यंत्रापुढेंहि निनांवीच राहतो. म्हणून डोंगर चढून, फूल पाहून रोप ओळखणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाची गरज या यंत्रांनीं संपलेली नाहीं.

परीक्षेनें नांव कळतें, परंतु खणलेला कंद कांहीं पुन्हां जमिनींत जात नाहीं. तेव्हां पुडी घेतांना गृहिणींनीं एवढें अवश्य विचारावें, कीं हा कंद लागवडीचा कीं रानांतला? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास डिंक, अळीव व खारीक यांवर लाडू खुशाल वळावे.