घर नावावर, पण भाडं कुणाच्या हातात?

बाईच्या नावावर घर हवं, ही मागणी आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. तिला थोडंफार यशही आलं. १९९४ साली महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच हक्क दिला. देशाला ही सुधारणा करायला २००५ साल उजाडलं. त्याआधी शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. २०२१ पासून बाईनं स्वतःच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

पण नावावर आलेल्या घरातून पैसा यायला लागला की तो कुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न आपण विचारत नाही. आमच्या जालना जिल्ह्यात सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांना मी हल्ली आवर्जून विचारते, "खोल्या तुमच्या नावावर, मग भाडं कोण घेतं?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. मालक घेतात, नाहीतर दीर घेतो, नाहीतर मोठा मुलगा. भाडेकरूचं नावसुद्धा बाईला माहीत नसतं. अशा घराची ती मालकीण नाही. ती फक्त कागदावरची सही आहे.

माझं म्हणणं असं आहे की भाड्याच्या खोल्या बांधणं आणि सांभाळणं हा विषय स्त्री-संघटनांनी हातात घेतला पाहिजे. मध्यमवर्गीय म्हणून तो बाजूला टाकू नये. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना ना पगार, ना पेन्शन. शेतात, बियाण्यांच्या प्लॉटवर राबणाऱ्या बाईचे हात थकले की उत्पन्न थांबतं. दोन खोल्यांचं भाडं मात्र येत राहतं. जालन्यात सळई बनवणारे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, कॉलेजं, दवाखाने आहेत. बाहेरगावाहून, परप्रांतातून आलेल्या माणसांना खोल्या लागतातच.

आता पैशाचं बघू. समजा, दोन खोल्यांना चार लाख कर्ज काढलं, व्याज वर्षाला दहा टक्के, मुदत दहा वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ५,३०० रुपये. खोलीला अडीच हजार धरले तर भाडं येईल ५,०००. म्हणजे खोल्या बाराही महिने भरलेल्या असल्या तरी हप्ता निघत नाही. खोली कधी रिकामी राहते, कुणी भाडं बुडवून जातं, म्हणून भाडं वर्षात दहाच महिने येणार असं धरा. वर्षाचे आले ५०,०००. कर्ज अडीच लाखांवर ठेवलं तर हप्ता सुमारे ३,३०० होतो, वर्षाचे ३९,६००. उरलेल्या दहा हजारांत घरपट्टी आणि दुरुस्ती भागते. तात्पर्य, सगळं कर्जावर उभं करू नका. आधी एक खोली बांधा, तिच्या भाड्यावर दुसरी.

आणि सावकाराकडे तर जाऊच नका. शेकडा तीन रुपयांनी घेतलेल्या चार लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला १२,००० होतं. एवढं भाडं त्या दोन खोल्या कधीच देणार नाहीत. भिशीचा पैसा आणि बचत गटाचं कर्ज पत्रे, फरशी, संडास-मोरी अशा छोट्या कामाला बरं. पूर्ण बांधकामाला बँकच पाहावी.

बँक मात्र कागद मागते. आपल्याकडे प्लॉट सर्रास 'बाँडवर' घेतले जातात. शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरीचा शिक्का मारून मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत लागतं. जागा एन.ए. आहे का, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कुणाच्या नावावर आहे, गुंठेवारीची असेल तर २००१ च्या कायद्याखाली नियमित झाली आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून घ्या. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, पण नाव तिथंही लागलं पाहिजे.

आणखी एक. नवऱ्यानं मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेल्या घराचं भाडं आयकर खातं नवऱ्याचंच उत्पन्न धरतं. म्हणून आपल्या मजुरीचा, गटाच्या कर्जाचा, विकलेल्या दागिन्याचा पैसा घरात घातला असेल, तर त्याची पावती जपून ठेवा.

भाडेकरू ठेवताना ओळखीवर जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. वर शिक्षेचीही तरतूद आहे. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. करारावर सही बाईची हवी, भाडं तिच्याच बँक खात्यात यायला हवं, आणि पावतीही तिनंच द्यायला हवी. पाण्याचं आधीच लिहून ठेवा. नळ किती दिवसांआड येतो, बोअर कुणाचा, टँकर आणावा लागला तर पैसे कोण देणार, यावरून आमच्याकडे भाड्यापेक्षा जास्त भांडणं होतात.

काही मैत्रिणी म्हणतात, आपण बायकांना घरमालक बनवून शोषक बनवणार का? प्रश्न रास्त आहे. वीज-पाणी तोडून भाडेकरूला हाकलणं हा याच कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो बाईनं केला तरी गुन्हाच. जात विचारून, धर्म विचारून, 'बाई एकटी आहे का?' विचारून खोली नाकारली जाते, हे आपण रोज पाहतो. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली तेव्हापासून टाकलेल्या बायकांचा निवाऱ्याचा प्रश्न आपण मांडतो आहोत. मग आपल्या गटातल्या बाईची खोली रिकामी होईल तेव्हा ती अशाच एखादीला मिळाली पाहिजे. भाडं वाजवी घ्या, पण घ्या. फुकट दिलेली खोली दोघींनाही अडचणीत टाकते.

शेवटची गोष्ट मृत्युपत्राची. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, आणि तो बौद्ध बहिणींनाही लागू आहे, बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या कमाईचं घर मुलांबरोबर नवऱ्याकडेही जातं. घटस्फोट झाला नसेल तर टाकून गेलेला नवरासुद्धा वारस होतो. मूल नसेल आणि नवराही हयात नसेल तर घर नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईकडे नाही. ज्यानं तिला घराबाहेर काढलं त्याच्याच हातात तिचं घर जावं, हे थांबवायला दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक साधा कागद पुरतो. मुस्लिम मैत्रिणींना मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, म्हणून त्यांनी जाणकाराला विचारून हयातीतच व्यवस्था करावी.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा. कागद कुणाच्या नावावर आहे? भाडं कुणाच्या खात्यात जमा होतं? मागे घर कुणाचं? तिन्ही उत्तरं तिला स्वतःला देता आली, तरच ते घर तिचं.